पाणी तपासणीची निळी पेटी: शाळेत वर्षभर वापरून

गेल्या जुलैत आमच्या शाळेनं पाणी तपासायची एक पेटी विकत घेतली. किंमत ६,८०० रुपये, वर कुरिअरचे साडेतीनशे. पैसे माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचनं दिले. त्यांना खरं तर स्टेजमागे लावायला शाळेच्या नावाची झगमगीत पाटी द्यायची होती, खाली बारीक अक्षरात बॅचचं वर्ष. मी मध्ये पडले. आता पेटीच्या झाकणावर बॅचचं वर्ष ऑइलपेंटनं लिहिलंय आणि सगळे खूश आहेत.

कंपनीचं नाव देत नाही. या जातीच्या पेट्या बऱ्याच जण विकतात, आतल्या बाटल्याही साधारण त्याच असतात. तुम्ही घेणार असाल तर नावापेक्षा आत काय आहे आणि ते वर्गात चालतं का, हे जास्त उपयोगाचं.

आधी आमच्याबद्दल थोडं. शाळा माण तालुक्यात, जिल्हा सातारा. त्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला पावसाळ्यात साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आमच्याकडे पाचशे झाला तर लोक पेढे वाटायचे बाकी राहतात. मी विज्ञान शिकवते, आणि नववी-दहावीला जलसुरक्षा नावाचा विषय असतो तोही माझ्याकडेच. या विषयाला गुण नाहीत, श्रेणी आहे. श्रेणी म्हटलं की काय होतं ते कुठल्याही शिक्षकाला विचारा. मुलं प्रकल्पाच्या वहीत गेल्या वर्षीच्या मुलांची वही उतरवतात, नळाचं चित्र काढतात, नळातून एक थेंब पडताना दाखवतात, त्या थेंबाला डोळे काढतात. आम्ही ‘अ’ देतो.

कॉलेजातही वेगळं काही नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये आदेश दिला आणि पुढं पर्यावरण हा विषय शाळांपासून पदवीपर्यंत सक्तीचा झाला. माझ्या मुलानं बी.कॉम.ला असताना ‘नदी प्रदूषण’ या विषयावर चाळीस पानी प्रकल्प दिला. स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक प्लास्टिक. नदीवर तो गेला होता का, असं मी विचारलं. म्हणाला, “आई, झेरॉक्सवाल्याकडे तयार मिळतो.”

तर अशा परिस्थितीत पेटी आली.

पेटी म्हणजे निळ्या प्लास्टिकची बॅग, आत स्पंजात कापलेले खाचे, खाच्यांत बाटल्या. सामू म्हणजे पीएच, जडपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, उरलेला क्लोरीन, गढूळपणा. शिवाय टीडीएसचं (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं) पेन आणि जिवाणू तपासायच्या वीस एच-टू-एस बाटल्या. उघडल्यावर फ्लोराइडची बाटली गळलेली निघाली. आमच्या भागात फ्लोराइडचा प्रश्न यवतमाळ-चंद्रपूरसारखा नाही, म्हणून मी फार आरडाओरडा केला नाही. त्या जिल्ह्यांतल्या एखाद्या शाळेला अशी गळकी बाटली गेली असती तर ती पेटी निम्मी बाद झाली असती.

सोबत एक पुस्तिका आहे, मराठीत. म्हणजे लिपी मराठी आहे. पाण्याचा ‘कडकपणा’ मोजा, असं त्यात लिहिलंय. आमच्या पुस्तकात दुष्फेन पाणी म्हणतात, गावात जड पाणी म्हणतात, खारवट असेल तर मचूळ. कडक असतो तो चहा नाहीतर हेडमास्तर. पुस्तिकेची शेवटची चार पानं ‘पाणी वाचवा’ म्हणून आहेत: शॉवरऐवजी बादलीनं आंघोळ करा, गाडी पाइपनं धुऊ नका, दात घासताना बेसिनचा नळ बंद ठेवा. मी ती वर्गात वाचली. मागच्या बाकावरच्या एकानं हात वर केला आणि विचारलं, “मॅडम, बेसिनचा नळ आधी चालू कुठं करायचा?” त्याच्या वस्तीवर मार्च लागला की टँकर येतो, विहिरीत ओततो आणि लोक शेंदून नेतात. हा मुलगा आंघोळीचं पाणी परड्यातल्या शेवग्याला घालतो, भांड्याचं म्हशीला ठेवतो. त्याला थेंबाचं महत्त्व सांगणारी पुस्तिका लिहिणाऱ्यानं माणमध्ये एक मे महिना काढावा.

शिवाय ही मुलं श्रमदानात वाढलेली आहेत. २०१८ च्या वॉटर कपमध्ये, म्हणजे गावागावांच्या पाणी अडवायच्या स्पर्धेत, आमच्याच तालुक्यातलं टाकेवाडी राज्यात पहिलं आलं. तेव्हा यांतली कितीतरी पोरं आईच्या मागं मागं किंवा घमेल्यापाशी बसून डोंगरावर होती. सीसीटी म्हणजे काय हे त्यांना विचारावं लागत नाही. उताराला आडवा, सारख्या उंचीवरून खणलेला चर, पाणी पळायच्या ऐवजी तिथंच मुरवणारा, हे ती हातानं हवेत रेघ ओढून दाखवतात. पाणी अडवायचं कसं ते त्यांना येतं. अडवलेल्या पाण्यात काय आहे आणि ते किती आहे, हे मात्र कधी कुणी मोजून बघितलेलं नव्हतं. पेटी घेण्यामागं माझा विचार एवढाच होता.

टीडीएसच्या पेनानं सुरुवात केली. पहिल्याच दिवशी भांडण झालं, कारण पेन एक आणि हात बेचाळीस. शाळेच्या बोअरचं पाणी ११८०, म्हणजे लिटरला तेवढे मिलिग्रॅम. गावच्या नळाचं ६४०. आणि स्टँडजवळ पाच रुपयांत वीस लिटरचा जार भरून मिळतो, त्याचं ३८. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत उत्तम आणि दुसरं पाणी नसेल तर २००० पर्यंत चालतं. मुलांनी मानक ऐकूनच घेतलं नाही. ३८ म्हणजे फर्स्टक्लास, ११८० म्हणजे विष, असा निकाल लावून मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी दोन पालक विचारायला आले, शाळा पोरांना विष पाजते का.

हा पेनाचा दोष नाही, पण पेटीवाल्यानं इशारा द्यायला हवा होता. मग मी एक साधा प्रयोग केला. नळाच्या पाण्याचे दोन ग्लास. एकात दोन चमचे साखर ढवळली, पेन बुडवलं, आकडा जवळजवळ हललाच नाही. दुसऱ्यात मीठ, चिमूटभर, आकडा थेट चार अंकी होऊन पुढं धावत सुटला. पेन पाण्यातून वीज किती सहज वाहते तेवढंच बघतं, क्षारांनी ती वाहते, साखरेनं नाही. आणि जंतूंनी तर नाहीच. ओढ्याचं पाणी आणलं तर पेन त्यालाही २९० दाखवून शाबासकी देतं. हा तास माझ्या तेवीस वर्षांतल्या चांगल्या तासांपैकी एक झाला, आणि तो पुस्तिकेत नाही.

जडपणाची चाचणी मुलांना सगळ्यात आवडली. पाण्यात एक द्रावण, चिमूटभर पावडर, पाणी वाइनसारखं लाल होतं (हा शब्द पुस्तिकेचा, मी जांभळाच्या रसासारखं म्हटलं), मग थेंब थेंब सोडत मोजायचं, एका क्षणी रंग निळा. एका थेंबाला २५. बोअरचे तेवीस थेंब, म्हणजे ५७५. उत्तम मर्यादा २००, कमाल ६००. काठावर पास. मी फळ्यावर लिहीत होते तेव्हा पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “मी तर पहिल्या दिवसापासनं सांगतीय, बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही. म्हणून तर मी नळाचं घेते.” खरं आहे. मावशींची चाचणी कुकरच्या शिट्ट्यांवर चालते आणि तिला रिफिल लागत नाही.

याच चाचणीत एक मुलगा सारखे जास्त थेंब टाकायचा. मी दोनदा ओरडले. तिसऱ्यांदा तो हळूच म्हणाला, “मॅडम, मला रंग बदललेलाच कळत नाही.” त्याला लाल-हिरव्याच्या छटा नीट दिसत नाहीत, हे घरीही कुणाला माहीत नव्हतं. पेटीतल्या बहुतेक सगळ्या चाचण्या रंगावर आहेत आणि अशा मुलासाठी काही सोय नाही. आता थेंब तो मोजतो, रंग दुसरी मुलगी बघते, आणि त्याच्याइतके अचूक थेंब कुणाचेच पडत नाहीत.

क्लोराइडच्या चाचणीबद्दल मात्र स्पष्ट सांगते: लहान मुलांच्या हाती देऊ नका. त्यात सिल्व्हर नायट्रेट आहे. हाताला लागलं की लगेच काही दिसत नाही, उन्हात गेलं की डाग काळे पडतात आणि आठवडाभर जात नाहीत. पेटीत हातमोज्यांची एकच जोडी आहे, तीही पैलवानाच्या मापाची. आमच्या सहा मुली दुसऱ्या दिवशी काळ्या बोटांनी आल्या. एकीच्या आजीनं रात्री लिंबू, राख, खोबरेल सगळं लावून बघितलं होतं. पुस्तिकेत याबद्दल एक ओळ आहे, पान सतरावर, तळाशी.

आता नायट्रेट. माझ्या मते पेटीची निम्मी किंमत या एका बाटलीत आहे.

पाण्यात पावडर टाकायची, हलवायचं, दहा मिनिटं थांबायचं, गुलाबी रंग कार्डाशी जुळवायचा. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि तिच्यात सूट नाही. टीडीएस, जडपणा यांना दुसरा सोर्स नसेल तर चालेल असा दुसरा आकडा आहे, नायट्रेटला नाही. मुलांना मी आपापल्या विहिरींचं पाणी आणायला सांगितलं. अकरा बाटल्या आल्या. आठांत फिकट गुलाबी. तिघांत गडद, आणि त्यातल्या एकीत रंग असा चढला की कार्डावरचा शेवटचा चौकोन फिका वाटला. (कार्डाची एक खोड: ४५ आणि १०० यांच्या मध्ये काही नाही. पन्नास आहे की नव्वद ते अंदाजानं ठरवा.)

ती गडद बाटली आणणारी मुलगी हुशार, गप्प बसणारी. विहीर कशी आहे विचारलं तर तिनं वहीवर नकाशा काढला. विहिरीपासून पंधरा पावलांवर उकिरडा, त्याच्या वरच्या अंगाला गोठा, खाली कांद्याचं रान, त्यात दर हंगामाला युरियाची पोती. नकाशा काढता काढताच तिला कळलं. मी एक शब्द बोलले नाही. आपली जमीन म्हणजे वरती मातीचा पातळ थर, खाली मुरूम, मग मांजऱ्या खडक, त्याखाली काळा पाषाण. पाणी मुरमातून आणि भेगांतून चालतं, आणि उकिरड्यातून झिरपलेलंही त्याच वाटेनं विहिरीत येतं. हे मी आधी आकृती काढून तीन वर्षं शिकवलं होतं.

अवघड भाग पुढं होता. तिच्या घरी चार महिन्यांचं भावाचं बाळ होतं आणि त्याला वरचं दूध चालू होतं. नायट्रेट जास्त असलेल्या पाण्यानं सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होऊ शकते, बाळ निळं पडतं. आणि आपल्याकडे बाळासाठी पाणी म्हटलं की उकळून. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं ते उलट घट्ट होतं. मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. वडील म्हणाले, “मॅडम, आमच्या आज्यापासनं ह्याच विहिरीचं पाणी पितोय.” मी म्हटलं, दादा, आज्याच्या वेळेला युरियाचं पोतं नव्हतं. ते हसले, पण बाळासाठी नळाचं पाणी तेव्हापासून वेगळं भरलं जातं. उकिरडा दिवाळीनंतर हलला. पाण्याचा नमुना आरोग्य सेवकांमार्फत सरकारी प्रयोगशाळेतही पाठवला, कारण शाळेच्या पेटीचा आकडा हा इशारा आहे, निकाल नाही. हे मी मुलांकडून पाठ करून घेतलंय आणि तुम्हीही घ्या. गुलाबी पाणी हातात धरून गावभर फिरलात तर कुणाची तरी विहीर उगाच बदनाम होईल.

एच-टू-एस बाटल्यांचंही तसंच. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, ऊबदार जागी २४ ते ४८ तास ठेवायचं. काळं पडलं तर त्या पाण्यात विष्ठेतून येणारे जिवाणू असण्याचा संशय. ऊबदार म्हणजे तीसच्या वर. ऑगस्टात जमलं, डिसेंबरात नाही, आमच्याकडे पहाटे हुडहुडी भरते. मग दहावीतला एकजण बाटल्या घेऊन घरी गेला आणि वडिलांच्या पोल्ट्रीत पिलांच्या बल्बखाली ठेवून आला. कंपनीला हा उपाय कळवायला हवा.

जिल्हाभर गावांना पाण्यासाठी हिरवं, पिवळं, लाल कार्ड मिळतं हे मुलांना माहीत आहे, ग्रामपंचायतीत हिरवं कार्ड फ्रेम करून लावलंय. म्हणून नळाच्या पाण्याची बाटली पांढरी राहील अशी सगळ्यांची खात्री. टाकीजवळच्या नळाची राहिलीही. गावाच्या टोकाच्या नळाची दुसऱ्या दिवशी काळी. तिथं ओटी केली, म्हणजे क्लोरीनची चाचणी, पिवळा रंग यायला हवा, पाणी जसंच्या तसं. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा, तिथं काहीच नव्हता. गावच्या पाण्यात क्लोरीन टाकायचं काम बघणाऱ्या जलसुरक्षक दादांना बोलावलं. ते आले, रागावले नाहीत. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, रोज टाकतो म्हणाले, आणि टाकतही होते. पोतं बघायला गेलो तर तोंड उघडं, पावसाळी हवा, पावडरीची ढेकळं झालेली. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो, उघड्या पोत्यातून तो उडून जातो. मोजून टाकलं तरी टाकलं काय आणि न टाकलं काय. आता ती पावडर झाकणाच्या ड्रममध्ये असते. सगळ्यांत जास्त आनंद जलसुरक्षक दादांनाच झाला, कारण आजवर त्यांच्या कामाकडे बघायला कुणी आलंच नव्हतं.

आणि तो ३८ वाला जार. एका घरातल्या जारचं पाणी काळं पडलं. भरताना ते ठीक होतं, मशीनच्या नळाखालची बाटली पांढरीच राहिली. घरात मात्र जारचं तोंड उघडून पेला आत बुडवत होते, बोटांसकट. त्या आठवड्यात गावात लांब दांड्याच्या ओगराळ्यांची विक्री वाढली. किती, ते मोजलेलं नाही. दुकानदार म्हणाला चार होती, संपली.

वापरलेल्या एच-टू-एस बाटल्या तशाच फेकू नका, आत ब्लीचिंग पावडरचं पाणी घालून ठेवा, मग ओता. आणि ओटीचं द्रावण अंगाला लागू देऊ नका, ते रसायन प्रकृतीला चांगलं मानत नाहीत. पुढच्या वेळी क्लोरीनसाठी डीपीडीच्या गोळ्या घेणार आहे.

कंपनीच्या सेवेबद्दल. फोन उचलतात, गोड बोलतात. पेटीवर ‘१०० चाचण्या’ लिहिलंय, ते सगळे प्रकार मिळून. नायट्रेटच्या वाट्याला पंचवीसच येतात. आमच्या सप्टेंबरातच संपत आल्या. बाटल्यांवरची मुदत बघितली तर फेब्रुवारीची. म्हणजे जुलैत विकलेली पेटी सात महिन्यांत शिळी. यावर त्यांचं उत्तर, “मॅडम, शाळेत कोण एवढं वापरतं?” माणूस खरं बोलला. बहुतेक पेट्या तपासणीच्या दिवशी काचेच्या कपाटातून बाहेर येतात आणि परत जातात. रिफिल सुटी मिळते, पण किमान दीड हजाराची घ्यावी लागते. टीडीएस पेन जुळवून घ्यायचं द्रावण पेटीत नाहीच. पेनाचे सेल जानेवारीत गेले, म्हसवडला घड्याळवाल्याकडे मिळाले, चाळीस रुपयांत दोन.

आता पेटीत नसलेली एक वस्तू. पाणी कसं आहे ते पेटी सांगते, किती आहे ते नाही. ती अडचण आम्ही सुतळीनं सोडवली. साठ रुपयांची सुतळी, टोकाला दगड, फुटाफुटावर लाल चिंधी. शाळेशेजारच्या विहिरीच्या मालकांची परवानगी काढली. एक मोठं माणूस हजर, मुलं कठड्यापासून लांब, दगड खाली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात काठापासून पाणी १३ फुटांवर. या मेमध्ये ४१ फुटांवर. विहिरीची खोली ४६. मापं घेताना एक आजोबा येऊन बसायचे आणि विचारायचे, “किती परस?” मुलांना परस माहीत नव्हता. उभ्या पुरुषाएवढं माप, त्यांच्या हिशेबानं सहा फूट. “म्हणजे परसभरसुद्धा ऱ्हायलं न्हाई,” असं म्हणून ते उठून गेले. पाच फूट पाणी उरलं होतं.

त्या दिवशी मुलांनी आपणहून बोअर मोजायला काढले. शाळेपासून अर्ध्या किलोमीटरात तेवीस, त्यात पाणी असलेले नऊ. एका घरानं पाचशे फूट खाली जाऊन धूळ काढलीय आणि कर्ज अजून फिटायचंय. आम्ही ते सगळं एका कागदावर मांडलं, वर विहिरीची रेघ खाली उतरत गेलेली. त्या तक्त्याला मी काही शीर्षक दिलेलं नाही.

पावसासाठी सरळ उभ्या बाजूंचा डबा आणि पट्टी. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ४८६ मिलिमीटर. एक दिवस आमच्या डब्यात ४ आणि महसूल मंडळाच्या केंद्रावर ३१, अंतर बारा किलोमीटर. ही गोष्ट मुलांनी घरी सांगितली आणि पहिल्यांदाच पालक जलसुरक्षेची वही बघायला शाळेत आले, कारण फळपीक विम्याचा हिशेब मंडळाच्या आकड्यावर ठरतो. मग छपराचं गणित. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमच्या दोन इमारतींचं छप्पर ४२० चौरस मीटर. गुणाकार केला, गळती-सांडणीचे वीस टक्के वजा केले, एक लाख त्रेसष्ट हजार लिटर राहिले. ‘लिटर’ म्हटल्यावर वर्ग शांत. मग एकानं दहा हजारांनी भागलं आणि ओरडला, “सोळा टँकर!” त्यानंतर मुख्याध्यापकांच्या दारात जो मोर्चा गेला तो मी नेलेला नाही. पन्हाळीचं काम सध्या एका बाजूच्या इमारतीपुरतं मंजूर झालंय.

तर घ्यावी का? पाचपैकी साडेतीन तारे देते. पाचवी ते सातवीसाठी घेऊ नका, त्यांना डबा आणि सुतळी पुरे. नववी-दहावीसाठी घ्या, कॉलेजच्या पर्यावरण प्रकल्पासाठी तर नक्की घ्या, निदान झेरॉक्सवाल्याचा धंदा कमी होईल. पण सगळी पेटी एकदम घेण्यापेक्षा नायट्रेट, जडपणा, क्लोरीन आणि एच-टू-एस एवढंच सुटं मिळतं का विचारा, तीन हजारांच्या आत बसेल. ऑर्डर देण्याआधी फोनवर बाटल्यांची मुदत विचारा आणि ती व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. हातमोजे आपले आपण आणा. मराठी पुस्तिकेतली शेवटची चार पानं खुशाल फाडा.

मी परवाच रिफिल मागवली, दीड हजाराची, या वेळी मुदत पुढच्या मार्चपर्यंतची. पैसे कुणी दिले सांगते: त्या गप्प मुलीच्या वडिलांनी पाचशे, जलसुरक्षक दादांनी दोनशे, बाकीचे स्टाफरूममधून. कुरिअर दहिवडीपर्यंतच येतं. शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर कुणीतरी जाऊन आणायचंय, आणि त्यासाठी आत्ताच सात जणांनी नाव दिलंय.